ब्लेझ पास्कल

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा रस्ता कोंडाईबारीचा घाट उतरून आमच्या नवापुरास येतो. त्या उतारावर भरधाव मोटार केवळ पायाच्या दाबानें थांबते, याचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. परंतु ज्या नियमामुळें हें घडतें, तो मांडणारा पुरुष बहुतेक जन्मभर दुखणाईत होता व चाळिशीही न पाहतां निवर्तला. तो ब्लेझ पास्कल होय.

पास्कलचा जन्म फ्रान्स देशांतील क्लेर्माँ गांवीं १९ जून १६२३ रोजीं झाला. तो तीन वर्षांचा असतांना त्याची आई वारली. वडिलांनीं त्यास घरींच शिकविलें. आधीं भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून त्यांनीं गणिताचीं पुस्तकें दूर ठेविलीं. पण मुलगा फरशीवर कोळशानें आकृत्या काढून स्वतःच भूमितीचे सिद्धांत शोधूं लागला, असें त्याच्या बहिणीनें लिहून ठेविलें आहे. पुढें वडिलांकडे करवसुलीचें काम आलें. त्यांची कंटाळवाणी आंकडेमोड पाहून पास्कलनें १६४२ सालीं हिशेबाचें यंत्र रचावयास घेतलें. तें मनासारखें साधेपर्यंत त्यानें सुमारें ५० नमुने केले.

१९ सप्टेंबर १६४८ रोजीं त्याच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानें पाऱ्याची नळी प्वी द दोम पर्वतावर नेली. माथ्यावर पारा तीन इंचांहून अधिक खालीं उतरला आणि हवेस वजन असतें, हें पटलें.

मग पास्कल द्रवांकडे वळला. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा त्याचा नियम. भांड्याचें एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट असेल, तर लहान दट्ट्यावरील एका माणसाचा जोर मोठ्या दट्ट्यावरील शंभर माणसांस तोलून धरतो. मात्र यांत फुकट कांहीं मिळत नाहीं. लहान दट्ट्या शंभर इंच जाईल, तेव्हां मोठा एक इंच सरकेल.

मोटारींत हेंच घडतें. पेडल दाबलें कीं मुख्य नळकांड्यांतील दट्ट्या तेलावर दाब देतो. तो नळ्यांवाटे चारी चाकांशीं पोंचतो आणि तेथील मोठे दट्टे ब्रेक-पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर आवळतात. तेल दाबानें जवळजवळ आकसत नाहीं, म्हणूनच हें साधतें. नळींत हवा शिरली, तर हवाच दबत राहते. पेडल खोल जातें, पण गाडी थांबत नाहीं. १९२१ सालीं ड्यूसेनबर्ग या अमेरिकन मोटारीच्या चारी चाकांस असे ब्रेक लागले.

१६५४ नंतर पास्कलचें मन ईश्वरचिंतनांत रमलें. तरी लोकांची सोय तो विसरला नाहीं. मार्च १६६२ मध्यें त्याच्या कल्पनेनें पॅरिसमध्यें ठराविक मार्गांनीं, पांच सू भाड्यानें, सार्वजनिक घोडागाड्या धावूं लागल्या. पांचच महिन्यांनीं, १९ ऑगस्ट रोजीं, तो वारला. द्रवांवरील त्याचा ग्रंथ १६६३ सालीं छापला गेला. तो त्यास पाहावयास मिळाला नाहीं.

विद्यार्थिबंधूंनो, पेरणाऱ्याच्याच हातीं पीक येतें असें नाहीं. म्हणून पेरणी व्यर्थ ठरत नाहीं. घाटांतून सुखरूप उतरणारी प्रत्येक मोटार याची साक्ष देते.