डॉक्टर रॉजेची वही

सेकंड इयरच्या सेमिनार रिपोर्टची गोष्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री मला एकाएकी साक्षात्कार झाला की आपलं इंग्रजी फारच साधं आहे. मग काय, कॉम्प्युटरवर एकेका शब्दावर राइट क्लिक करायचं, समानार्थी शब्दांची यादी येते त्यातला सगळ्यात भारी दिसणारा उचलायचा आणि पुढे जायचं. सकाळी प्रिंट काढली, स्पायरल बाइंडिंग केलं आणि रिपोर्ट सरांच्या हातात दिला. सरांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बीमच्या मध्यभागी जास्तीत जास्त स्ट्रेस येतो, असं मला म्हणायचं होतं. छापलं होतं ते असं, की बीमच्या मध्यभागी जास्तीत जास्त अँग्झायटी येते! पुढच्याच परिच्छेदात त्या बिचाऱ्या बीमच्या फेल्युअरचा फिआस्को झाला होता. अजूनही दोन-तीन मित्र मला अँग्झायटी अशीच हाक मारतात.

घरी येऊन हे ताईला सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि मग जरा गप्प झाली. ताई इंग्रजी साहित्यात एम.ए. करतेय. दहावीपर्यंत आम्ही दोघंही मराठी माध्यमात. व्हिक्टोरियन कादंबऱ्या ती रात्र-रात्र जागून वाचते, सगळं समजतं तिला. पण वर्गात काही विचारलं की मनातलं मनातच राहतं. विचार तयार असतो, शब्द येत नाही. ट्युटोरियलमध्ये प्रत्येक नायिका एक तर गुड नाही तर सॅड. तिने दोनशे पानी वही आणून डिक्शनरीतून रोज वीस शब्द उतरवायला घेतले होते. ए संपला, बी संपला आणि सी अर्धा होईपर्यंत एमधलं काहीही आठवेना. शेवटी तिच्या मॅडमनी तिला जुन्या पद्धतीचा थिसॉरस बघायला सांगितलं. एबीसीडीप्रमाणे लावलेला नव्हे, अर्थाप्रमाणे लावलेला. तो तिने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणला आणि त्या दिवशी माझ्यापुढे आपटला. त्यावर नाव होतं रॉजे. मी रॉजेट वाचलं, ताईने लगेच दुरुस्त केलं. शेवटचा ट बोलायचा नसतो.

मला वाटलं, असेल कुणी इंग्रजीचा प्राध्यापक. म्हणून शोधायला गेलो आणि सापडला तो स्लाइड रूल! तेव्हा मित्रांनो, साहित्याच्या पोरांसाठी देव असलेला हा माणूस निम्मा आपला आहे.

पीटर मार्क रॉजेचा जन्म १८ जानेवारी १७७९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मूळचे जिनिव्हाचे, लंडनमधल्या फ्रेंच चर्चचे पाद्री. पीटर चार वर्षांचा असताना क्षयाने गेले. आई त्यानंतर सावरलीच नाही म्हणतात. घरं बदलायची, गावं बदलायची, आणि सगळा जीव या मुलावर. आठव्या वर्षाच्या सुमारास पीटरने एक वही केली. लॅटिन शब्द, त्यांचे इंग्रजी अर्थ, पण विषयवार गट पाडून. आपण त्या वयात क्रिकेटपटूंची कार्डं गोळा करतो, हा शब्द गोळा करत होता.

चौदाव्या वर्षी तो एडिंबरो विद्यापीठात गेला आणि एकोणिसाव्या वर्षी डॉक्टर झाला. पण इतक्या पोरगेल्या डॉक्टरकडे कोण जाणार? मग इकडे तिकडे उमेदवारी. १७९९ मध्ये ब्रिस्टलला हम्फ्री डेव्ही नायट्रस ऑक्साइडचे, म्हणजे लाफिंग गॅसचे प्रयोग करत होता, तिथे रॉजेनेही तो वायू हुंगून पाहिला आणि काय वाटलं ते लिहून दिलं. १८०२ मध्ये मँचेस्टरच्या एका गिरणीमालकाच्या दोन मुलांना घेऊन तो युरोपच्या सफरीवर निघाला. १८०३ मध्ये हे तिघं जिनिव्हात असताना इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं आणि नेपोलियनने फ्रेंच अमलाखालच्या सगळ्या प्रौढ इंग्रज पुरुषांना अटकेत ठेवण्याचा हुकूम काढला. जिनिव्हा तेव्हा फ्रेंचांकडेच. वडील जिनिव्हाचे होते, हे कागदपत्रांनी सिद्ध करून रॉजे कसाबसा सुटला आणि मुलांना घेऊन जर्मनीकडे पळाला. यावर पिक्चर निघायला हवा होता, का निघाला नाही कोण जाणे.

१८०४ मध्ये त्याला मँचेस्टरच्या इस्पितळात नोकरी मिळाली. तिथे व्याख्यानं द्यायची, लेख लिहायचे. आणि इथे ताईचंच दुखणं त्याला होतं असं दिसतं. म्हणायचं काय ते माहीत आहे, नेमका शब्द सापडत नाही. १८०५ मध्ये त्याने स्वतःपुरती एक यादी केली, सुमारे १५,००० शब्दांची, अर्थाच्या गटांत लावलेली. छापायचा विचार नव्हता. लिहायला बसलं की उघडायची, काम झालं की मिटायची. अशी ती वही जवळजवळ पन्नास वर्षं त्याच्या टेबलावर राहिली.

आता स्लाइड रूल. साध्या स्लाइड रूलवर लांबी ही लॉगच्या प्रमाणात असते, म्हणून दोन लांब्यांची बेरीज केली की गुणाकार होतो. रॉजेने त्यावर लॉगचाही लॉग घेऊन एक पट्टी बसवली. एखाद्या संख्येच्या एनव्या घाताच्या लॉगचा लॉग घ्या, तो म्हणजे एनचा लॉग अधिक मूळ संख्येच्या लॉगचा लॉग. म्हणजे पट्टी नुसती सरकवली की घात, आणि उलट वाचलं की मूळ. या शोधावरच १८१५ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. १९७० च्या दशकात कॅल्क्युलेटर येईपर्यंत इंजिनिअर लोक लॉग-लॉग पट्टी वापरत होते.

बाकीच्या उद्योगांची यादी करत बसलो तर अंक भरेल. झडपांच्या फटींतून पाहिलं तर धावत्या गाडीच्या चाकाचे आरे वाकडे का दिसतात, यावर १८२४ मध्ये त्याने निबंध वाचला, सिनेमाच्या इतिहासात त्याचा उल्लेख असतो. लंडनच्या पिण्याच्या पाण्याची चौकशी केली. बुद्धिबळातल्या घोड्याला सगळी ६४ घरं एकेकदाच फिरवण्याचं कोडं सोडवलं. रॉयल सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून २१ वर्षं काढली.

पण घरात मात्र एकापाठोपाठ एक. मामा सर सॅम्युअल रोमिली, इंग्लंडचे कायदे माणुसकीचे व्हावेत म्हणून झटणारा नामांकित माणूस, वडिलांच्या जागी असलेला. १८१८ मध्ये मामी वारली आणि चारच दिवसांत मामाने वस्तऱ्याने गळा चिरून घेतला. त्याच्यावर लक्ष ठेवायला डॉक्टर म्हणून रॉजेच होता. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं, मेरी नावाच्या मुलीशी. दोन मुलं झाली, आणि १८३३ मध्ये मेरी कॅन्सरने गेली. एवढं वाचल्यावर मला त्या वहीकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटलं. प्रत्येक शब्दाला स्वतःचं घर आणि घराला नंबर, असं जग त्याला कागदावर तरी हवं असेल. हा माझा अंदाज, पुरावा मागू नका.

सेक्रेटरीपदाची शेवटची वर्षं वादात गेली आणि १८४८ मध्ये ते पद सुटलं. सत्तरीत माणूस नातवंडं खेळवतो. याने जुनी वही काढली. तीन-चार वर्षं राबून १८५२ मध्ये थिसॉरस छापून आला तेव्हा वय होतं ७३. सहा वर्ग, त्यांच्या पोटात १,००० शीर्षकं. सुरुवात अस्तित्वापासून, शेजारच्याच रकान्यात त्याच्या विरुद्ध, म्हणजे नसणं. गंमत म्हणजे प्रस्तावनेतल्या एका तळटीपेत चक्क आपला अमरकोश आहे! कोलब्रुकने श्रीरामपूरला १८०८ मध्ये छापलेला. रॉजेला त्याची मांडणी विस्कळीत वाटली, विशेषतः अमूर्त कल्पनांच्या बाबतीत. हे मी आजोबांना सांगायला नको होतं. त्यांनी स्वर्गापासून जे म्हणायला सुरुवात केली ते जेवणाची ताटं येईपर्यंत, आणि त्या डॉक्टरला त्याचं पुस्तक असं पाठ येत होतं का, हे विचारूनच थांबले.

माझा सगळा घोटाळा कुठे झाला तेही याच पुस्तकाने दाखवलं. रॉजेने एकाही शब्दाचा अर्थ दिलेला नाही, मुद्दामच. शब्द ओळखीचे आहेत पण वेळेवर हाताशी येत नाहीत, अशा माणसासाठी हे पुस्तक. अनोळखी शब्द उचलून चिकटवण्यासाठी नाही. एका गटातले शब्द शेजारी असतात, जुळे नसतात. ताईने आता पद्धतच बदलली आहे. कादंबरीत एखादा शब्द अडला की थिसॉरसमध्ये त्याची गल्ली गाठते, शेजारपाजारचे पाच-सहा शब्द घेते, प्रत्येकाचा अर्थ डिक्शनरीत बघते आणि मग ते वाचनात भेटेपर्यंत थांबते. भेटला की वाक्यासकट वहीत. डिजेक्शनच्या गल्लीत तिने महिना काढला. मेलन्कलीत माणूस रेंगाळतो, डिस्पॉन्डन्सीत त्याची आशाच सुटलेली असते, आणि ग्लूम तर माणसाला सोडून खोलीतही पसरतो. हे तिने मला चहा पिता पिता सांगितलं. परवाच्या ट्युटोरियलमध्ये नायिका सॅड नव्हती. मॅडमनी त्या शब्दाखाली रेघ मारून बरोबरची खूण केलीय, ती तिने मला दोनदा दाखवली.

रॉजे १२ सप्टेंबर १८६९ रोजी वेस्ट मॅल्व्हर्न इथे गेला, नव्वदाव्या वर्षी. तोपर्यंत पुस्तकाच्या पंचविसाहून जास्त आवृत्त्या निघाल्या होत्या. पुढे मुलगा जॉनने ते काम चालवलं, आणि मग नातू सॅम्युअल रोमिली रॉजेने. हा नातू इलेक्ट्रिकलवाला, त्याने इलेक्ट्रिकल संज्ञांचाही एक कोश केला होता. आमच्या ब्रँचच्या पोरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

म्हातारपणी रॉजेजवळ स्वतःच्या पुस्तकाची एक प्रत असायची. नवे शब्द लिहून लिहून तिचे समास भरून गेले होते. ताईच्या प्रतीचेही समास भरत आलेत, पेन्सिलीने, निम्मे मराठीत. डिजेक्शनच्या पानावर तिने खिन्न, उदास, विषण्ण आणि हिरमुसलेला असे चार शब्द लिहून ठेवलेत, आणि हिरमुसलेलाच्या पुढे प्रश्नचिन्ह. त्याला इंग्रजी शेजारी तिला अजून मिळालेला नाही.