पंडिता रमाबाई आणि अमेरिकेची लोकसत्ता

भिंगार हे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहरालगतचे छावणीचे गाव. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला केंद्र सुरू केल्यापासून या परिसराला अमेरिकन माणूस परिचित झाला. परंतु त्या देशाचा राज्यकारभार कसा चालतो, नागरिक त्यावर प्रभाव कसा पाडतात, याचे सविस्तर वर्णन मराठीत आणले ते पंडिता रमाबाई यांनी. त्यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या मुलीला दिली. दुष्काळात आईवडील निवर्तले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाल्यावर दोन वर्षांच्या आतच त्यांना वैधव्य आले. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची निकड मांडली. मताधिकार नसलेल्या एका विधवेने सरकारपुढे केलेली ती मागणी होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि १८८८ अखेरपर्यंत अमेरिकेत राहिल्या. त्या काळी वायोमिंगसारखे मोजके प्रदेश सोडता अमेरिकन स्त्रियांना मताधिकार नव्हता. तरीही मद्यपानविरोधी ख्रिस्ती महिला संघ फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखाली अर्ज, व्याख्याने व वृत्तपत्रे यांच्या बळावर कायदेमंडळांवर वजन पाडीत होता. स्वतः सत्ता न मागता सत्तेचे निर्णय वळवू पाहणाऱ्या अशा संघटनेस राज्यशास्त्रात ‘दबावगट’ म्हणतात. रमाबाईंनी त्याचे कार्य जवळून पाहिले.

संघटनेचे बळ त्यांनी स्वतःही वापरले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतातील उच्चवर्णीय विधवांच्या शाळेचा दहा वर्षांचा खर्च तिने पत्करला. मात्र शाळा धर्मनिरपेक्ष असावी, असे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. त्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण व स्त्रियांच्या संस्था यांचे कौतुक आहे. तसेच मूळ रहिवासी व कृष्णवर्णीय यांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाही आहे.

पुढे या बळाची दुसरी बाजूही दिसली. सदन पुण्यास हलविल्यानंतर तेथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, असा आक्षेप उठला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनचे साहाय्य मात्र चालू राहिले. ज्या समाजासाठी संस्था चालते त्याचा विश्वास आणि पैसा देणाऱ्यांचा विश्वास, या दोहोंचा मेळ घालणे किती कठीण असते, हे या प्रसंगातून कळते. दबावगटांचा विचार करताना हा प्रश्न आजही टाळता येत नाही.

पुढे केडगाव येथे मुक्ती सदन उभारून रमाबाईंनी दुष्काळपीडित व निराधार स्त्रियांना आश्रय दिला. १९२० मध्ये अमेरिकन संविधानाच्या एकोणिसाव्या दुरुस्तीने लिंगभेदावर आधारलेली मताधिकाराची बंदी उठली. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यातही कायदेमंडळाच्या निवडणुकीत पात्र स्त्रियांना मतदानाची वाट खुली झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. मतपत्रिका हाती येण्यापूर्वीची चार दशके त्यांनी साक्ष, लेखन, व्याख्यान आणि संघटना या साधनांनी नागरिकाचे कर्तव्य बजावले होते.

स्वयं-अध्ययनासाठी : मताधिकाराशिवाय शासनावर प्रभाव पाडण्याची कोणती साधने रमाबाईंच्या चरित्रात आढळतात? त्यांच्या मर्यादा सोदाहरण लिहा.