शहराच्या छबीला ब्रश न लावणारा छायाचित्रकार

२२ फेब्रुवारी १८९३. न्यूयॉर्क शहर हिमवादळात सापडले होते. शहाणी माणसे दारे-खिडक्या लावून घरात बसलेली असताना फिफ्थ अॅव्हेन्यूच्या एका कोपऱ्यावर एकोणतीस वर्षांचा तरुण हातात उसना आणलेला छोटा कॅमेरा घेऊन उभा होता. एक, दोन, तीन तास गेले. अखेर उडत्या बर्फातून वाट काढणारी घोड्यांची प्रवासी गाडी समोर आली आणि त्याने कळ दाबली. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचे 'विंटर – फिफ्थ अॅव्हेन्यू' हे छायाचित्र असे जन्माला आले.

छायाचित्रण मंडळातील सहकाऱ्यांनी निगेटिव्ह पाहून त्यांची थट्टा केली. ती धूसर आहे, फेकून देण्याच्या लायकीची आहे, असे त्यांचे मत पडले. स्टिग्लिट्झ यांनी ती फेकली नाही. डार्करूममध्ये त्यांनी तिच्यातला बराचसा भाग बाजूला सारून एक उभी चौकट निवडली. त्या चौकटीत गाडी, चाबूक उगारलेला गाडीवान आणि चाकोऱ्यांनी उकरलेला बर्फ एवढेच उरले. बर्फाचा एकही कण त्यांनी ब्रशने रंगवला नव्हता. तरीही मूळ काचेवर जे होते आणि लोकांनी जे पाहिले, ते एकच होते असे म्हणता येत नाही. शहराचे चित्र सुधारायचे, पण ते कृत्रिम होऊ द्यायचे नाही, ही कसरत स्टिग्लिट्झ यांनी पुढची चाळीसहून अधिक वर्षे केली.

त्यांचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी न्यूयॉर्कसमोर, नदीपलीकडच्या होबोकेन गावी एका सधन जर्मन ज्यू कुटुंबात झाला. १८८१ मध्ये वडिलांनी कुटुंब युरोपात नेले. बर्लिनमध्ये यंत्र-अभियांत्रिकी शिकायला गेलेला मुलगा हेर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञाच्या वर्गात रमला. पांढरा पुतळा आणि काळे मखमल एकाच छायाचित्रात टिपण्याचा पाठ फोगेल यांनी दिला, तेव्हा इतर विद्यार्थी लवकर मोकळे झाले आणि स्टिग्लिट्झ आठवडेच्या आठवडे त्याच पाठाशी झुंजत राहिले, असे सांगतात. ही हटवादी मेहनत पुढे कामी आली. पांढऱ्यातला तपशील जळू न देणे आणि काळ्यातला तपशील बुडू न देणे, हेच तर बर्फातल्या आणि रात्रीच्या शहराचे छायाचित्र काढताना लागणारे खरे कसब.

१८९० मध्ये ते न्यूयॉर्कला परतले. युरोपच्या मानाने हे शहर त्यांना रखरखीत वाटले. छायाचित्रे छापण्याच्या व्यवसायात त्यांचे मन लागले नाही. मग कॅमेरा घेऊन रस्ते तुडवणे सुरू झाले. 'द टर्मिनल' हे छायाचित्र त्याच १८९३ सालचे. ट्रामचे थकलेले घोडे, त्यांच्या अंगातून निघणारी वाफ आणि त्यांना पाणी दाखवणारा ट्रामवाला. ही वाफ कोणत्याही डार्करूममध्ये तयार करता आली नसती.

आपली पद्धत त्यांनी १८९७ च्या एका लेखात मोकळेपणाने मांडली. आधी जागा निवडावी, रेषा आणि प्रकाश यांचा अभ्यास करावा आणि मग माणसांची ये-जा न्याहाळत सारे काही जुळून येईपर्यंत थांबावे. अशा निगेटिव्हचा लहानसा भागच आपण बहुधा मोठा करून वापरतो, हेही त्यांनी लपवले नाही. म्हणजे कातरण चालेल, भर घालणे नको. आज मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवून करड्या आकाशाचे निळे आकाश करणाऱ्यांना ही मर्यादा फारच जाचक वाटेल.

त्या काळी मात्र उलट प्रवाह जोरात होता. छायाचित्राला कला म्हणून मान मिळवायचा तर ते चित्रासारखे दिसले पाहिजे, या समजुतीने कोणी निगेटिव्हवर सुईने रेघा ओढत होते, कोणी गोंद आणि रंगद्रव्य वापरून ब्रशने प्रती घडवत होते. गंमत अशी, की या मंडळींचे पुढारीपणही स्टिग्लिट्झ यांच्याकडेच होते. १९०२ मध्ये त्यांनी 'फोटो-सिसेशन' हा गट स्थापन केला, १९०३ मध्ये 'कॅमेरा वर्क' हे नियतकालिक काढले आणि त्यात ब्रशवाल्यांची कामे उत्तम कागदावर छापली.

हा विरोधाभास एकाच इमारतीच्या दोन छायाचित्रांत दिसतो. फ्लॅटआयर्न ही त्रिकोणी उंच इमारत तेव्हा नवी होती. १९०३ मध्ये स्टिग्लिट्झ यांनी ती बर्फात, समोरच्या दुभंगलेल्या झाडामागे, जवळजवळ करड्या सावलीसारखी टिपली. पुढच्या वर्षी त्यांचे मित्र एडवर्ड स्टायकन यांनी ती संध्याकाळी टिपली आणि एकाच निगेटिव्हच्या प्रतींवर रंगांचे वेगवेगळे लेप चढवले. स्टायकन यांची प्रत अधिक मोहक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ओल्या थंडीचा स्पर्श जाणवतो तो स्टिग्लिट्झ यांच्या प्रतीत. या मित्राच्या प्रती मात्र त्यांनी जपल्या आणि १९३३ मध्ये आपल्या संग्रहासह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकल्या.

हळूहळू त्यांचा कल निःसंदिग्ध झाला. १९१० मधील 'ओल्ड अँड न्यू न्यूयॉर्क'मध्ये जुन्या घरांच्या ओळीमागे नव्या इमारतीचा पोलादी सांगाडा उभा आहे. त्यात धुक्याचा आडोसा जवळजवळ उरलेला नाही. 'कॅमेरा वर्क'चा १९१७ चा अखेरचा अंक त्यांनी तरुण पॉल स्ट्रँड यांच्या सरळ, ब्रश न लागलेल्या छायाचित्रांना दिला. या भूमिकेची किंमतही मोजावी लागली. जुने सहकारी एकेक करून दुरावले, वर्गणीदार चाळिशीच्याही खाली आले. स्वभाव हेकट, वाद घालण्याची हौस दांडगी. तेव्हा सगळा दोष काळाला देता येत नाही.

१९२४ मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने त्यांची सत्तावीस छायाचित्रे स्वीकारली. यासाठी पुढाकार घेतला होता तो तेथे भारतीय कलेचा विभाग सांभाळणारे आनंद कुमारस्वामी यांनी. नटराजाच्या मूर्तीवर लिहिणाऱ्या या पंडिताला छायाचित्राची कागदी प्रतही संग्रहालयात ठेवण्याजोगी वाटली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

१९२५ पासून ते पत्नी, चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ यांच्यासह शेल्टन हॉटेलच्या उंच मजल्यावर राहू लागले. आता पायपीट संपली होती आणि हृदयविकाराने शरीर थकले होते. शहर खिडकीतूनच पाहायचे. समोर उंच इमारती चढत होत्या आणि ते तीच चौकट सकाळी, दुपारी, रात्री पुन्हा पुन्हा टिपत होते. ऊन भिंतीवरून सरकेल तसे चित्र बदलत होते. बदल करण्याचे काम उन्हाकडे होते, त्यांच्याकडे फक्त वाट पाहणे. या छायाचित्रांत माणूस जवळजवळ दिसत नाही. घोड्यांच्या वाफेने ज्याला थांबवले होते, त्याच्याच कॅमेऱ्यात आता नुसत्या भिंती आणि सावल्या होत्या.

याच वर्षांत त्यांनी १८९० च्या दशकातल्या जुन्या निगेटिव्ह बाहेर काढल्या आणि नव्या कागदावर पुन्हा छापल्या. त्यात फिफ्थ अॅव्हेन्यूवरची ती गाडीही होती. १९३७ च्या सुमारास कॅमेरा कायमचा खाली ठेवला गेला. १३ जुलै १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. मागे उरलेल्या हजारो प्रती ओ'कीफ यांनी तीन वर्षे बसून निवडल्या, आणि छापलेल्या प्रत्येक निगेटिव्हची त्यांच्याकडे असलेली सर्वोत्तम प्रत वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला दिली. एकाच निगेटिव्हच्या वेगवेगळ्या काळी, वेगळ्या चौकटीत छापलेल्या काही प्रतीही तेथे आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवल्या, की त्यांनी काय कापले आणि काय ठेवले, हे नुसत्या डोळ्यांनी पाहता येते.