जॉन स्मीटन

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्लिमथ हें मोठें बंदर आहे. दुसरा चार्ल्स ह्याच्या कारकीर्दींत तेथील टेकाडावर एक भक्कम किल्ला बांधण्यांत आला. शत्रूच्या गलबतांस किल्ल्याच्या तोफांचा धाक असे; परंतु सुमारें १४ मैलांवर भर समुद्रांत जे एडिस्टनचे खडक आहेत, त्यांपुढें तोफांचें काय चालणार? भरतींत त्यांचा बहुतेक भाग पाण्याखालीं जाई आणि जहाजें त्यांवर आपटून फुटत.

तेथें विन्स्टन्ले ह्यानें १६९८ सालीं पहिला दीप लाविला. १७०३ च्या वादळांत मनोऱ्याबरोबर तोही समुद्रांत नाहींसा झाला. रुडयर्डनें बांधलेला दुसरा मनोरा बाहेरून लांकडी होता. तो १७५५ सालीं जळाला. तेव्हां हें काम जॉन स्मीटन ह्याजकडे आलें.

स्मीटनचा जन्म १७२४ सालीं लीड्सजवळ ऑस्टहॉर्प येथें झाला. वडील वकील होते व मुलानेंही तोच धंदा करावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्याचें मन यंत्रांतच रमे. अखेर वडिलांनीं संमति दिली व तो शास्त्रीय उपकरणें बनवूं लागला.

नवा मनोरा दगडाचाच करावयाचा, असें त्यानें ठरविलें. ओक वृक्षाचा बुंधा तळाशीं रुंद असतो, म्हणून तो वाऱ्यास दाद देत नाहीं. मनोऱ्यास त्यानें तसाच आकार दिला. दगड खांचा पाडून एकमेकांत अडकविले. अनेक प्रकारचे चुनखडीचे दगड तपासल्यावर, ज्यांत चिकणमातीचा अंश असतो त्यांचाच चुना पाण्यांत घट्ट होतो, असें त्यास आढळलें. १७५६ सालीं आरंभलेलें काम १७५९ मध्यें पुरें झालें, आणि १६ ऑक्टोबरच्या रात्रीं २४ मेणबत्त्यांचा उजेड समुद्रावर पडला.

१७९२ सालीं स्मीटन निवर्तला. मनोरा मात्र शंभराहून अधिक वर्षें लाटा सोशीत उभा राहिला. पुढें त्याखालचा खडकच लाटांनीं पोखरला. म्हणून शेजारच्या खडकावर नवा दीपस्तंभ बांधून तो १८८२ सालीं सुरू करण्यांत आला. जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथच्या त्याच टेकाडावर, किल्ल्याजवळ, पुन्हां उभारला. तो आजही तेथें आहे, व बुंधा अजून खडकावरच आहे.

खडकावर घर बांधणारा शहाणा मनुष्य आपणां सर्वांस शुभवर्तमानांतून ठाऊक आहे. येथें खडक हालला, पण स्मीटनचे सांधे सुटले नाहींत. विद्यार्थिमित्रहो, दगडांच्या त्या खांचा मनोरा पुरा झाल्यावर कोणाच्याही दृष्टीस पडावयाच्या नव्हत्या. तरी त्यानें त्या मन लावून पाडविल्या.