कस्तुरबांचे अखेरचे पर्व

पुण्यातील नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस सुलतान महंमद शाह आगाखान तिसरे यांनी 1892 मध्ये बांधला. पुढे अर्धशतकाने ब्रिटिश सरकारने या प्रासादाचा तुरुंग केला आणि 22 फेब्रुवारी 1944 रोजी, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, येथेच कस्तुरबा गांधी यांनी अखेरचा श्वास घेतला. त्या वेळी त्या 74 वर्षांच्या होत्या. गांधीजींची सहधर्मचारिणी म्हणून देश त्यांना ओळखतो. मात्र, आपल्या शरीरावर कोणता उपचार व्हावा आणि कोणता होऊ नये, याविषयी ही अल्पशिक्षित स्त्री आयुष्यभर किती ठाम होती, याची चर्चा क्वचितच होते.

पोरबंदर येथे 11 एप्रिल 1869 रोजी जन्मलेल्या कस्तुरबांची प्रकृती मूळचीच नाजूक होती. दक्षिण आफ्रिकेत असताना 1909 च्या प्रारंभी डरबन येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. सततच्या रक्तस्रावाने त्या इतक्या क्षीण झाल्या होत्या, की क्लोरोफॉर्म देणेही धोक्याचे होते. भूल न घेताच त्यांनी ती शस्त्रक्रिया सोसली. शक्ती यावी म्हणून डॉक्टरांनी गोमांसाचा अर्क घेण्याचा आग्रह धरला. जोहान्सबर्गला असलेले गांधीजी तातडीने डरबनला आले आणि त्यांनी निर्णय पत्नीवर सोपवला. कस्तुरबांनी अर्क घेण्यास साफ नकार दिला. जीव गेला तरी चालेल, पण हा आहार नको, अशी त्यांची भूमिका होती. डॉक्टरांचा आश्रय सोडून, पावसाची रिमझिम सुरू असताना, त्यांना फिनिक्स आश्रमात नेण्यात आले आणि तेथे जलोपचाराने त्या बऱ्या झाल्या.

इतरांच्या आजारपणातही त्यांची व्यवहारबुद्धी उपयोगी पडली. 1919 मध्ये गांधीजी दीर्घ आजाराने खंगले होते. दूध न घेण्याचे त्यांचे व्रत होते आणि डॉ. दलाल यांच्या मते दुधावाचून शरीर सुधारणे शक्य नव्हते. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला हरकत का असावी, हा मुद्दा कस्तुरबांनी काढला. गांधीजींनी तो मानला आणि पुढे शेळीचे दूध त्यांच्या आहाराचा कायमचा भाग झाले.

त्याच सुमारास साबरमती आश्रमात चरख्याने प्रवेश केला. पेळू हाती धरून सूत काढणे हा कस्तुरबांच्याही दिनक्रमाचा भाग बनला. हे काम चिकाटीचे असते. चार फुटांचा एक तार, असे 640 तार झाले म्हणजे एक गुंडी होते आणि अशा कित्येक गुंड्या जमल्यावर एका साडीपुरते सूत हाती येते. अंगावरच्या वस्त्राचा विचार कितीतरी आधीपासून करावा लागतो, ही सवय या कामानेच आश्रमवासीयांना लावली.

9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली. त्या दिवशी सायंकाळी शिवाजी पार्कवरील सभेत बोलण्याचा निर्धार करून निघालेल्या कस्तुरबांनाही पोलिसांनी पकडले. दोन दिवस आर्थर रोड तुरुंगात काढल्यावर त्यांना पुण्यास आणण्यात आले. येथे येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच 15 ऑगस्टला महादेवभाई देसाई यांचे आकस्मिक निधन झाले. पुत्रवत असलेल्या महादेवभाईंच्या वियोगाचा घाव त्यांच्या मनात खोलवर राहिला. पाठोपाठ फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी 21 दिवसांचे उपोषण केले. या सर्व ताणातही कस्तुरबा कॅरमच्या खेळात रमत आणि उतारवयातही पतीकडून धडे गिरवत. मात्र, जुना श्वासनलिकेचा विकार आणि हृदयविकार बळावला, तशी सूतकताईही थांबली.

1943 च्या अखेरीस दुखणे गंभीर झाले. स्थानबद्धतेतच असलेले डॉ. गिल्डर व डॉ. सुशीला नय्यर उपचार करीत होते. शुश्रूषेला मनू गांधी होत्या. कस्तुरबांना मात्र निसर्गोपचारतज्ज्ञ डॉ. दिनशा मेहता आणि एखादा वैद्य हवा होता. कैद्याच्या या साध्या इच्छेसाठी गांधीजींना सरकारशी वारंवार पत्रव्यवहार करावा लागला. परवानग्या मिळाल्या, पण विलंबाने. लाहोरचे वैद्य पं. शिव शर्मा आले, तेव्हा त्यांना रात्री आत राहण्याची मुभा नव्हती. रुग्णाला गरज लागेल म्हणून ते प्रवेशद्वाराबाहेर मोटारीत झोपत. पुढे त्यांना आत राहता आले, तरी गुण येण्याचा काळ टळून गेला होता.

अखेरच्या टप्प्यात कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन आणण्यात आले. युद्धकाळात हे नवे औषध अतिशय दुर्मिळ होते. ते द्यावे, असे पुत्र देवदास यांना तळमळीने वाटत होते. काही तासांच्या अंतराने पुनःपुन्हा सुई टोचावी लागेल, हे कळल्यावर गांधीजींनी नकार दिला. मूत्रपिंडांचे कार्य मंदावले होते आणि वाचण्याची आशा उरली नव्हती. अशा वेळी त्या देहाला आणखी यातना नकोत, असे त्यांचे मत होते. या नकाराविषयी आजही मतभेद आहेत. डरबनमध्ये शेवटचा शब्द कस्तुरबांचा होता. पुण्यात हा निर्णय पिता-पुत्रांमध्ये झाला. सायंकाळी 7 वाजून 35 मिनिटांनी गांधीजींच्या मांडीवर त्यांनी देह ठेवला.

एक गोष्ट मात्र त्यांनी आधीच ठरवून ठेवली होती. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांनी जपून ठेवली होती आणि अखेरच्या प्रवासात तीच नेसवावी, असे सांगितले होते. 23 फेब्रुवारीला प्रासादाच्या आवारात अंत्यसंस्कार झाले, ते त्याच साडीत. महादेवभाईंच्या समाधीशेजारी त्यांची समाधी उभी राहिली. 1969 मध्ये आगाखान चौथे यांनी ही वास्तू भारताला अर्पण केली.

त्यांच्या स्मृत्यर्थ 75 लाख रुपयांचा निधी उभारण्याचे आवाहन झाले. जनतेने त्याहून अधिक रक्कम दिली आणि त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचे कार्य आकारास आले. खेड्यातील स्त्रिया व मुले यांचे आरोग्य आणि शिक्षण हे त्याचे क्षेत्र ठरले. महाराष्ट्रात पुण्याजवळच्या सासवड येथून प्रेमाताई कंटक यांनी या कार्याची धुरा वाहिली. मनाजोगत्या उपचारासाठी ज्या स्त्रीला सरकारच्या परवानगीची वाट पाहावी लागली, तिच्या नावाने खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या दारी आरोग्यसेवा पोहोचली, हेच तिचे खरे स्मारक होय.