फ्रेडरिक लँचेस्टर : कंपाशी झुंजलेला यंत्रज्ञ

कन्नडहून चाळीसगावकडे निघालेली मोटार औट्रम घाट उतरू लागली की चालकाचा पाय घडोघडी ब्रेकवर जातो. घाट सरतो, सपाटी लागते, आणि पुढे धुळ्याच्या अथवा जळगावच्या वाटेवर कधी कधी एक चमत्कारिक अनुभव येतो. ब्रेक दाबताच स्टिअरिंग हातात थरथरू लागते. पाय उचलताच थरथर नाहीशी होते. या थरथरीचे मूळ बहुधा चाकामागील ब्रेकच्या चकतीत असते. मोटारीच्या चाकासाठी अशा चकतीच्या ब्रेकचे पेटंट ज्याने १९०२ साली घेतले, त्या पुरुषाचे सारे आयुष्य यंत्रांतील कंप घालविण्यात गेले, ही मोठी मौजेची गोष्ट होय. त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे असे वाटते.

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर याचा जन्म लंडनमधील ल्युइशॅम येथे २३ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. वडील वास्तुशिल्पी होते. थोरला भाऊ हेन्री यानेही तोच व्यवसाय पत्करला. जोधपूरचा उमेदभवन राजवाडा त्याच्याच आराखड्याप्रमाणे उभा राहिला, तेव्हा हे घराणे आपल्या देशास अगदीच परके नव्हे. फ्रेडरिक साउदॅम्प्टन व लंडन येथे शिकला, परंतु पदवी न घेताच बाहेर पडला. पुढे १८८९ साली बर्मिंगहॅममधील गॅसवर चालणारी इंजिने बनविणाऱ्या एका कारखान्यात त्यास जागा मिळाली.

त्याची पहिली मोटार १८९६ साली रस्त्यावर आली. तिच्या इंजिनास एकच सिलिंडर होता व ते फार हादरे. इतर कारखानदार त्या काळी घोडागाडीसच इंजिन जोडीत आणि बसणाऱ्याने हादरे सोसावेत असे समजत. लँचेस्टरला हे मानवले नाही. त्याने दोन सिलिंडरांचे इंजिन रचले व त्यात एकमेकांच्या उलट फिरणारे दोन दांडे बसविले. एकाचा धक्का दुसऱ्याने खोडून काढावा ही त्यातील युक्ती. १८९९ च्या अखेरीस भावांच्या साहाय्याने त्याने स्वतःची कंपनी काढली.

आता त्या ब्रेकविषयी. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती, आणि तिला दोन्ही अंगांनी पकडणारा चिमटा, इतकीच ती कल्पना होती. ड्रम तापला की फुगतो व आतल्या पट्ट्यांपासून दूर सरतो. चकती उघड्या वाऱ्यात असल्याने लवकर निवते. पण चकतीवर घासण्यास योग्य पदार्थ त्या काळी कोठे होता? लँचेस्टरने तांबे वापरले. ते कर्कश किंचाळे, आणि धुळीच्या रस्त्यांवर पाहता पाहता झिजे. कल्पना खरी असून साहित्याअभावी ती मागे पडली.

तीच चकती आज आपल्या घाटाखालच्या गाडीत कापते, ती का? चकती तापून वाकली, असे सर्रास म्हणतात; प्रत्यक्षात ती क्वचितच वाकलेली असते. हबावर गंज किंवा माती राहिली, अथवा चाकाचे नट कमीजास्त आवळले, तर चकती किंचित तिरपी बसते. मग प्रत्येक फेऱ्यात तिचा तोच भाग पॅडला घासतो आणि काही महिन्यांनी तेथे पातळ होतो. मिलिमीटरच्या काही शतांशांचा हा फरक पायास व हातास कळतो. घाट उतरून तापलेला ब्रेक गाडी थांबल्यावरही दाबून धरला, तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो व परिणाम तसाच होतो. यावर उपाय घाटातच आहे: खालचा गिअर टाकावा व इंजिनासच गाडी आवरू द्यावी.

जाणता मिस्त्री प्रथम लक्षण विचारतो. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाके. केवळ आसन हलत असेल तर मागची, आणि तेथे ड्रम असल्यास तो गोल आहे की नाही ते पाहावे. ब्रेक न दाबताही हादरे बसत असतील तर टायर व चाकाचे संतुलन तपासावे. मग तो चकतीस डायल गेज लावतो, तिची जाडी अनेक ठिकाणी मोजतो, चिमट्याच्या सरकपिना अडकल्या नाहीत ना हे पाहतो. जाडी पुरेशी असल्यास लेथवर चकती साफ करता येते. नसल्यास दोन्ही बाजूंची जोडी बदलावी. मात्र हबाचा गंज न खरवडता नवी चकती चढविली, तर पैसे जातात आणि काही हजार किलोमीटरांनी थरथर परत येते. नट समोरासमोरचे, क्रमाने व सारख्या जोराने आवळावे लागतात.

लँचेस्टरची पद्धतही हीच होती: आधी मोजायचे, मग हात लावायचा. मोटारींस मागणी असूनही भांडवलाअभावी त्याची कंपनी १९०४ साली अडचणीत आली व पुढील वर्षी तिची नव्याने घडी बसवावी लागली. तरी त्याचे डोके स्वस्थ बसले नाही. इंजिनाच्या दांड्याचा पिळवटणारा कंप शोषून घेणारे साधन व चार सिलिंडरांच्या इंजिनाचा थरकाप घालविणारे दुप्पट वेगाचे दांडे त्याने शोधून काढले. विमानविद्येवरील त्याचे ग्रंथ १९०७ व १९०८ साली निघाले, आणि १९२२ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. एवढ्या पेटंटांचा धनी, पण हाती पैसा राहिला नाही. उतारवयात कंपवाताने त्यास गाठले आणि दृष्टीही गेली. यंत्रांचा कंप घालविणाऱ्याच्या हातांस कंप सुटावा, हे वाचताना मन खिन्न होते. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅम येथे त्याचे निधन झाले.

१९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार मोटारीने जिंकली. तिच्या चाकांवर चकतीचे ब्रेक होते.