माणशी वीस रुपये: भारताचं उत्पन्न पहिल्यांदा मोजणारे दादाभाई नौरोजी

एखादा देश गरीब आहे की श्रीमंत, हे आज दरडोई उत्पन्नावरून सांगितलं जातं. दीडशे वर्षांपूर्वी भारतासाठी असा आकडाच नव्हता. ब्रिटिश सरकार मात्र भारताच्या नैतिक आणि भौतिक प्रगतीचा अहवाल नियमितपणे लंडनच्या संसदेपुढे ठेवत असे. त्यात महसूल, आयात-निर्यात आणि रेल्वेचे आकडे वाढताना दिसत. पण इथल्या एका माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी किती येतं, याचं उत्तर त्या अहवालात नसे. ते उत्तर शोधलं दादाभाई नौरोजी यांनी.

गणिताचे प्राध्यापक ते व्यापारी

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५चा, एका गरीब पारशी धर्मगुरूच्या घरातला. ते चार वर्षांचे असतानाच वडील गेले. आई माणेकबाईंनी त्यांना वाढवलं आणि शिकवलं. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकून ते तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. तोवर तिथे हे पद एकाही भारतीयाला मिळालेलं नव्हतं.

१८५५मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून ते इंग्लंडला गेले आणि पुढे त्यांनी स्वतःची पेढी काढली. एका बाजूला इंग्लंडची भरभराट ते रोज पाहत होते. दुसऱ्या बाजूला १८६६च्या ओडिशातल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. एकाच सत्तेखालच्या दोन देशांत इतका फरक का, हा प्रश्न त्यांनी हिशेबाने सोडवायचं ठरवलं.

वीस रुपये आले कुठून?

१८७६मध्ये त्यांनी मुंबईत ‘भारताचे दारिद्र्य’ या विषयावर आपला निबंध वाचला. आकडे सरकारीच होते, १८६७ ते १८७० या काळातले. पद्धत साधी होती. प्रत्येक प्रांतात लागवडीखालची जमीन किती, एकरी पीक किती आणि बाजारभाव काय, हे घेऊन पिकाची किंमत काढायची. त्यात जनावरं, खाणी, कारखानदारी यांचं उत्पन्न मिळवायचं आणि एकूण रकमेला लोकसंख्येने भागायचं.

हे करताना त्यांना सरकारी सरासरीतली चूक सापडली. अधिकारी सगळ्या जिल्ह्यांचे भाव एकत्र करून जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कुठे किती पीक निघतं, याचा विचारच नसे. त्यामुळे थोडं आणि महाग धान्य असलेला जिल्हा आणि भरपूर, स्वस्त धान्य असलेला जिल्हा यांचं वजन सारखंच धरलं जाई. मध्य प्रांतात तांदळाचा सरासरी भाव मणाला पावणेतीन रुपयांच्या वर दाखवला होता. पिकाचं प्रमाण धरून दादाभाईंनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा तो दीड रुपया निघाला.

शेवटचा हिशेब असा: ब्रिटिश भारताचं एकूण उत्पन्न सुमारे ३४ कोटी पौंड, लोकसंख्या १७ कोटी. म्हणजे माणशी वर्षाला २ पौंड, तेव्हाच्या दराने २० रुपये.

तुरुंगाची फुटपट्टी

यावर एक आक्षेप येणारच होता. भारतात सगळं स्वस्त आहे, मग वीस रुपयांत भागतही असेल! नुसतं रुपयाचं पौंडात रूपांतर केल्याने दोन देशांतल्या लोकांचं जगणं कळत नाही, ही अडचण आजही आकडेतज्ज्ञांपुढे असते.

दादाभाईंनी त्यासाठी सरकारचाच खर्च पुढे केला. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं? परदेशी मळ्यांवर नेल्या जाणाऱ्या मजुरांना प्रवासात किती शिधा देतं? हे खर्च भारतातल्याच भावांनी होत होते, त्यामुळे स्वस्ताईचा मुद्दा उरत नव्हता. माणूस जगवायला वर्षाला साधारण ३४ रुपये लागतात, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे गुन्हा करून तुरुंगात गेलेल्याला जे मिळत होतं, तेवढंही प्रामाणिकपणे राबणाऱ्याच्या वाट्याला येत नव्हतं. शिवाय ही केवळ सरासरी होती. श्रीमंतांचा वाटा वजा केला, तर गरिबाला वीसही मिळत नव्हते.

इंग्लंड, रशिया, तुर्कस्तान आणि भारत

पुढे ग्रँट डफ यांच्याशी झालेल्या वादात दादाभाईंनी मुल्हॉल या आकडेतज्ज्ञाचे आकडे वापरून देशांची रांगच लावली. माणशी वार्षिक उत्पन्न ब्रिटनमध्ये सुमारे ३५ पौंड, फ्रान्समध्ये २५ ते २६, जर्मनीत १८ ते १९, रशियात १०. ज्या तुर्कस्तानच्या कारभाराला इंग्लंडमध्ये नावं ठेवली जात, तिथे ४. आणि भारतात २.

करांचं चित्रही त्यांनी असंच उलटं करून दाखवलं. भारतीय माणूस इंग्रजापेक्षा फार कमी कर भरतो, असं अधिकारी सांगत. रकमेत ते खरं होतं. पण उत्पन्नाशी प्रमाण काढलं, तर गरीब भारतीयावरचा बोजा जास्त निघे. त्यातच करांचा मोठा भाग इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शन आणि इतर खर्चांच्या रूपाने इंग्लंडला जाई. हीच त्यांनी मांडलेली संपत्तीच्या वहनाची, म्हणजे ‘ड्रेन’ची कल्पना.

सरकारचं उत्तर

इंडिया ऑफिसमधले अधिकारी डॅन्व्हर्स यांनी आक्षेप घेतला की या हिशेबात रेल्वेची कमाई नाही. दादाभाईंचं म्हणणं होतं की पंजाबातला शंभर मण गहू रेल्वेने मुंबईला आला, तर त्याची किंमत वाढेल, पण गहू शंभर मणच राहील.

१८८२मध्ये बेअरिंग आणि बार्बर यांनी सरकारच्या वतीने माणशी २७ रुपयांचा अंदाज काढला. दादाभाईंनी त्यामागचा तपशील मागितला, तो त्यांना मिळाला नाही. खरं तर २७चा आकडा मान्य केला, तरी तो ३४च्या खालीच होता.

त्यांच्या पद्धतीत उणिवाही होत्या. पिकांचे सरकारी आकडे कच्चे होते. वाहतूक, व्यापार, नोकरी यांसारख्या सेवा आज राष्ट्रीय उत्पन्नात धरल्या जातात, त्या दादाभाईंनी सोडल्या. त्यामुळे वीसचा आकडा आजच्या व्याख्येने कमी ठरतो. पण आपला हिशेब त्यांनी पायरीपायरीने छापला होता, त्यामुळे तो कुणालाही तपासता येत होता.

आकड्यांचा पाठपुरावा

१८९२मध्ये दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अगदी थोड्या मतांनी ब्रिटिश संसदेत निवडून आले. भारताच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगावर ते सदस्य होते. याच आयोगापुढे १८९७मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी साक्ष दिली. १९०१मध्ये दादाभाईंचे निबंध, भाषणं आणि पत्रव्यवहार लंडनमध्ये ग्रंथरूपाने आले. त्याच वर्षी लॉर्ड कर्झनच्या सरकारने दरडोई उत्पन्न ३० रुपये असल्याचं सांगितलं. आकड्यावर वाद होता, पण प्रश्न आता दादाभाईंचाच विचारला जात होता.

३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. राष्ट्रीय उत्पन्नाचा पद्धतशीर सरकारी हिशेब सुरू व्हायला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं. १९४९मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सदस्य होते. एका माणसाने सरकारी अहवाल चाळून जे काम सुरू केलं होतं, ते तेव्हा सरकारचं नेहमीचं काम झालं.